ड्रॉवरमधली चिठ्ठी, पुढच्या सहाय्यकासाठी

करारात आठवड्याचे वीस तास लिहिलेत.
बाकीचे लिहिलेले नाहीत, पण असतात.

खोली तळघरात, बॉयलरला लागून.
लॅरामीचा वारा इथवर पोचत नाही
एवढीच चैन.
फी माफ. पगार महिनाअखेरीस.
दातांचा विमा नाही;
डावी दाढ मी दोन वर्षं
उजवीकडून चावून सांभाळली.

एका पेपरला सात मिनिटं धर.
मीही धरायचे.
मग कोल्टर ब्रिग्जचा पेपर आला,
तिसरा प्रश्न कोरा, खाली पेन्सिलीनं:
'रात्रभर गाय अडली होती.
वासरू वाचलं.
ग्रॅनाइट वाचायचा राहिला.'

सरांच्या नमुना-उत्तरात
वासराला गुण नव्हते.
मी शून्य दिलं. शून्यच होतं ते.
आणि रविवारी त्याला बोलावून
बाहेरच्या पायरीवर, टोप्या धरून,
त्याच पायरीचा ग्रॅनाइट शिकवला.
त्याच्या नखांत अजून आयोडीन होतं.

ते दीड तास
तासांच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात भरायचे
ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.
तुला कळलं तर कळव.

लाल पेन चालतं, आधी झटकून घे.
बिस्किटं माझ्या आधीच्याची आहेत.
खाऊ नकोस.
टाकूही नकोस.

— रोवेना