घडणावळ

रविवार पेठेत, मागच्या बोळात, जिन्याखाली आमची भट्टी.
मी विट्याकडचा. गलाईवाला.
सोळा वर्षं झाली, लोकांच्या चांदीचं पाणी करून देतो.

काल गद्रेबाई आल्या, बाणेरहून.
जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेलं
एक ताट, सहा वाट्या, फुलपात्र
आणि तुपाची बोटभर पळी.
"घासायला माणूस मिळत नाही," म्हणाल्या,
"आणि मशीनमध्ये काळी पडतात."

टंच चांगला निघाला. एका वाटीला डाक होता,
तेवढी घट सांगितली.
मान डोलावली त्यांनी. मग हळूच,
"आणि घडणावळ?"

घडणावळ मोडीत धरत नाहीत, बाई.

ताट उपडं केलं. काठाखाली कोरलेलं: द. ह. गद्रे.
त्याच्याआधी काहीतरी होतं,
बोटाला लागतं, डोळ्याला दिसत नाही.
"रावबहादूर," त्या म्हणाल्या, "ह्यांचे पणजोबा."
घासायचं कोण?
"ठकूबाई. मग तिची सून. राख नि चिंच."
आणि त्या जेवायच्या कशात?
"पत्रावळीवर, मागच्या दारी.
तेव्हा तसंच होतं हो."

म्हणजे रोज दोन वेळा राख लावून
दोघींनी मिळून रावबहादूर पुसून टाकला,
आणि लख्ख घासलं म्हणून
दिवाळीला लुगडंही मिळालं असेल.

वाट्या उजेडात धरल्या.
बाहेरून ठोके, माशाच्या खवल्यांसारखे, एकाला एक लागून,
पण कलंडलेले उलट्या अंगाला.
घडवणारा डावखुरा होता.
त्याचं नाव कुठेच नाही.
पाचव्या वाटीवर एक ठोका जरा खोल गेलाय,
कुणी हाक मारली असेल.

डाव्या हाताने घास उचलला
तर त्या घरात पोराच्या पाठीत धपाटा बसला असता.
डाव्याच हाताने घडल्या होत्या
सहाच्या सहा.

हे मी बोललो नाही. गिऱ्हाईक वजनाला आलेलं असतं.
टाकणखार टाकला.
आधी काठ बसले, मग अक्षरं,
तो खोल ठोका जाताना मात्र दिसला नाही,
नेमकी बाईंनी पावती मागितली.

पाट निघाला. बाराशे चाळीस ग्रॅम.
गुळगुळीत. कुणाचाच नाही.

रात्री स्टीलच्या डब्यातली भाकरी
डाव्या हाताने मोडून पाहिली.
वेडीवाकडी मोडली.
दुसरा तुकडा जरा बरा.