पिंजलेलं

पुस्तकात पहिलीच सूचना असते:
त्वचा बाजूला घ्या, खालचं विरळ ऊतक साफ करा.
साफ करा. जणू कोपऱ्यातलं जळमट.

धुळ्यात आमच्या विच्छेदन कक्षात सहा टेबलं,
दोन पंखे, त्यातला एक नुसता आवाज करणारा,
फॉर्मालिननं चुरचुरणारे डोळे
आणि साक्री रोडवरून आत येणारी ट्रकची घरघर.
चौथ्या टेबलावर एक म्हातारे.
नाव आम्ही विचारत नाही.
झिपरूभाऊ तेवढं म्हणाले, गुरुजी होते,
अर्ज स्वतःच्याच अक्षरात होता, वळणदार.

रूपसिंग पावरा, पहिलं वर्ष, धडगावचा,
चिमट्यानं कातडी उचलतो
आणि थांबतो.
"मॅडम, हे पांढरं काय? याला नाव आहे?"
आहे. या टेबलावर त्याचे मार्क नाहीत.
मार्क शिरेचे, धमनीचे, मज्जातंतूचे.
ती दिसावीत म्हणून हे काढायचं.
तो ओढतो. ते ताणलं जातं, लगेच तुटत नाही,
तारा निघतात, तारांमध्ये हवेचे बारीक बुडबुडे,
खिडकीचा उजेड त्यात अडकतो

आणि मला बेटावदच्या गल्लीत
धुनकीचा आवाज येतो.

अब्बा खांद्यावर पिंजण घेऊन निघायचे,
मी मागे, मुठळ सांभाळत.
लोकांच्या जुन्या गाद्यांत रुई दबून दगड झालेली असायची,
कुणाच्या आजारपणाचा डाग, कुणाच्या तान्ह्याचा.
अब्बा तातीवर ठोका घालत,
दगडाचा ढग होई,
माझ्या भुवया पांढऱ्या.
ती तात बकऱ्याच्या आतड्याची होती.
हे मला फार उशिरा आठवलं, एका परीक्षेच्या आदल्या रात्री,
आणि मग पान पुढे वाचवेना.

मुलांना मी सांगते:
मनगटावरची कातडी चिमटीत धरा, हलवा.
सरकते ना? त्याच्यामुळे.
गांधीलमाशी डसल्यावर फुगतं, ते हेच.
मे महिन्यात भुसावळकडून उन्हाचा पेशंट येतो,
नर्स पोटाची कातडी उचलून सोडते,
घडी तशीच उभी राहिली तर सलाइन धावत आणायचं.
पाणी इथे राहतं. रक्ताला जागा इथे मिळते.
हाड हाडासारखं, मांस मांसासारखं राहतं,
कारण मधे कुणीतरी अंग चोरून बसलेलं आहे.
मुलं लिहून घेतात. "अंग चोरून" खोडतात.

घरी संध्याकाळी अब्बांचे पाय सुजलेले.
मूत्रपिंडं थकली आहेत. चपलेचा पट्टा रुतलेला.
नडगीवर मी अंगठा दाबते,
उचलते.
खळगा पडतो, तसाच राहतो.
मी मोजते. अब्बांना वाटतं मी पैसे मोजतेय, हसतात.
वीसपर्यंत आले, अजून भरला नाही.
अब्बा खळग्याकडे बघत राहतात,
गिऱ्हाइकाची गादी उसवून बघावी तसे,
मग अहिराणीत म्हणतात,
"कापूस वला व्हयना का जड व्हस, पोरी."
आणि पाय उशीवर ठेवायला लावतात,
उशी त्यांनीच भरलेली.

दुसऱ्या दिवशी रूपसिंगचा हात एकदम स्वच्छ.
काखेपासून कोपरापर्यंत तीन नसा
दोरीवर वाळत घातल्यासारख्या.
मी सही केली. चांगलं काम आहे, म्हटलं.
ट्रेमध्ये बाजूला पांढरा चोथा,
मूठभर, ओला, कशाचाही नसल्यासारखा.

मुलं गेल्यावर झिपरूभाऊ आले.
त्यांच्याकडे प्रत्येक टेबलाची वेगळी बादली असते,
वर खडूनं आकडा.
ज्याचं त्याच्याबरोबरच मातीत गेलं पाहिजे, त्यांचा नियम.
चोथा त्यांनी चार नंबरच्या बादलीत टाकला.
थोडं बोटाला चिकटून राहिलं.
बादलीच्या काठावर बोट पुसलं.
उजेडात धरून पाहिलं.
पुन्हा पुसलं.