खाऊची यादी, जानेवारी

यादी माझ्याकडे आली,
कारण पगारपत्रकही माझ्याकडेच असतं.
एग्गर्ट म्हणाला, ह्योर्दिस, महिन्याला साठ हजार क्रोना,
वर एक छदाम नाही, आणि सगळे खूश दिसले पाहिजेत.
सगळे!
या फ्योर्डात सूर्यसुद्धा दोन महिने डोंगरामागे
बिनपगारी रजेवर असतो.

फ्रिजवर कागद चिकटवला. दोरीने पेन बांधलं.
संध्याकाळी पेन गेलं, दोरी राहिली,
तरी कागद भरला.

बोझेनाला राईचा पाव हवा, आणि खारवलेली काकडी.
पुढे तीनदा अधोरेखित: गोड नको.
सोमचितला कपातल्या शेवया, लाल पुडीच्या.
हिरव्या पुडीला ती तिखट मानत नाही.
स्तेइंग्रिमुरने लिहिलं, सुका मासा, लोणी.
अरे, मी म्हटलं, दिवसभर कॉड कापतोस,
सुट्टीच्या वीस मिनिटांतही मासाच?
तो म्हणाला, हा मी कापलेला नसतो.

कुणीतरी बिअर लिहिली होती.
कुणीतरी ती खोडली.
खोडण्याखाली तिसऱ्याच हाताने लिहिलं होतं: भेकड.

मुख्य कचेरीचं परिपत्रक म्हणत होतं केळी, बदाम, आरोग्य.
केळी सोमवारी बोटीने येतात,
गुरुवारी काळी पडतात,
शुक्रवारी मीच ती घरी नेऊन केक करते
आणि माझं वजन वाढतं.

आणि अगदी तळाशी, कागदाच्या कडेला टेकून,
बारीक अक्षरात, एक अक्षर गाळून:
गरम पाणी.

नाव नाही.
मी हसले. आमच्या देशात ते जमिनीतून उकळत येतं,
त्याची कसली मागणी?
मग किटलीचं बटण दाबून पाहिलं.
दाबलं. पुन्हा दाबलं.
किती आठवडे बंद होती कोण जाणे,
आम्ही कॉफीवाले, यंत्रापाशी जातो, कप भरतो, निघतो.

पगाराच्या सह्यांवरून अक्षर जुळवलं. (हे योग्य नव्हे, माहीत आहे.)
आल्दोना. पहाटपाळी. लिथुआनिया.
दहा वाजता मी उगाच फाइल घेऊन तिथे उभी राहिले.
तिने पिशवीतून थर्मास काढला,
पहाटे चारचं पाणी, आता कोमट,
कपात ओतलं, आणि प्यायली नाही.
दोन्ही हात कपाभोवती धरून बसली.
बोटं बर्फातल्या माशांच्या रंगाची.
बोटं परत आली, तेव्हा एक घोट घेतला.

बारा गावचं पाणी प्यालेली ही चाळीस माणसं,
आणि मी त्यांच्यासाठी बदाम मोजत होते.

दहा लिटरची किटली घेतली, नळाची, पोलादी.
केळी रद्द. बदाम रद्द.
हिशेबात लिहिलं: पेये.
एग्गर्टने भुवई वर केली, सही केली.

पंचवीस तारखेला ऊन आलं,
चार मिनिटं, खिडकीच्या अर्ध्या काचेवर.
पॅनकेक होते, साखर होती, किटलीची वाफ होती.
हातमोजे काढून रांग लागली होती,
स्तेइंग्रिमुरसुद्धा, कप रिकामाच धरून.
आल्दोना रांगेत सातवी. माझ्याकडे तिने पाहिलं नाही,
आणि मीही फाइलीत डोकं घातलं.

आभार कुणी मानले नाहीत.
बोझेना मात्र बरणी घेऊन थेट टेबलापाशी आली,
झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरली.

काकडी गोड निघाली होती.