मेंढीला कोंब

पेटी उघडली तर मेंढीला कोंब फुटलेला.

म्हणजे असं :
तीन वर्षांपूर्वी हरवली होती ती पांढरी लाकडी मेंढी,
तिच्या जागी आम्ही ठेवली होती एक काजूबी,
आणि ज्येष्ठात बंद केलेला खोका
गणपती गेल्यावरच्या पहिल्या रविवारी उघडला.
आत दमट काळोख, पत्त्यांच्या कडांना बुरशी,
आणि बेटाच्या नकाशावर, बरोबर बंदराच्या तोंडाशी,
बोटभर तांबूस-हिरवा कोंब
वाकून बघणारा.

वेंगुर्ल्यात मच्छीमार सोसायटीचा वरचा मजला.
खाली जाळी, वर आम्ही अकरा जण,
दोन सतरंज्या, एक डगमगतं टेबल,
त्याच्या चौथ्या पायाखाली गेल्या वर्षीचा अहवाल,
आणि फातिमाबी मुकादमांचा सांदणांचा डबा
जो दुपारपर्यंत उघडायचा नाही असं ठरतं
आणि साडेदहाला उघडतो.

मी बर्फाच्या कारखान्यात कारकून.
गुण लिहायला तिथलीच जुनी वही आणतो :
डावीकडे लाद्या, उजवीकडे आमचे पराभव.

प्रश्न वरदने काढला. नियम त्याला तोंडपाठ.
‘कोंब आलेली मेंढी, मेंढी धरायची का?’
बस्त्याव म्हणाला, ‘नाय रे, तां आता लाकूड.
झाड होतला मां? मगे लाकूडच.
माका लाकूड व्हया, आण हंय.’
आठवडाभर धक्क्यावर सुरमईचा लिलाव पुकारणारा माणूस
एका लाकडासाठी दोन विटा सोडेना.
अर्धा तास घासाघीस.
आमच्यातल्या कुणी जन्मात मेंढी पाळलेली नाही,
तरी मेंढीच्या भावावरून
दोघांनी एकमेकांच्या आज्यापणज्यांपर्यंत मजल मारली
आणि परत येऊन चहा घेतला.

मग इंद्रायणी तांडेलचा डाव.
ती ग्रामीण रुग्णालयातून रात्रपाळी करून थेट आलेली.
रात्री दोन बाळंतपणं, एक विंचू.
फासे मुठीत घेतले तिने,
मूठ हलवली,
आणि बसल्या बसल्या झोपली.

नियमपुस्तकात यावर काही नाही.
वरदने दोनदा पानं चाळली, मग
वाळूचं घड्याळ उचलून आडवं ठेवलं.
शेजारच्या टेबलावरचे बुद्धिबळवाले
प्यादी टेकवताना बोट खाली धरू लागले.
बस्त्याव कुजबुजला.
बस्त्यावला कुजबुजता येतं
हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसावं.
खाली कुणीतरी जाळं विणत होतं,
त्याच्या मागे समुद्र,
सकाळपासून चालू असलेला, आत्ता ऐकू आलेला.

तेवीस मिनिटं. मी वहीत मांडली आहेत.

‘माझं झालं का?’ म्हणत ती दचकली,
मूठ उघडली, तर तळहातावर
पाचाचे पाच ठिपके उमटलेले.
फासे टाकले. पडले तीन.
तीनवर तिचं काहीच नव्हतं.
‘बरं,’ म्हणाली, आणि पाणी प्यायली.

जिंकल्या फातिमाबी, न बोलता, नेहमीसारख्या,
सगळ्यात लांब रस्त्यावर.
त्यांच्या वाडीला अजून डांबर पोचलेलं नाही.
संध्याकाळी तिथे जायला
कुणाची तरी स्कूटर शोधावी लागते.

आवरताना मोजणी. घरं पुरी, रस्ते पुरे.
मेंढ्या अठरा, आणि ती एक,
जी इंद्रायणीने ओल्या कापसात गुंडाळून
पर्समध्ये उभी ठेवली,
औषधाच्या बाटलीला टेकवून.
कुठे लावणार ते तिने सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

मग आता एकोणिसावी?
बस्त्याव खाली गेला,
जाळ्याचं एक शिसं घेऊन वर आला.
कळपात ठेवलं, टिचकी मारून पाहिलं.
‘हिका कोंब येवचो नाय.’

खोका माझ्याकडे असतो.
जिना उतरताना आत खडखड चाललेली :
ती शिशाची, एकटीच,
सगळ्या लाकडी कळपाला
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हाकत.