तांबड्या रेघेतली फट

तिसरी रात्र. दिवा लागत नाही.
टेबलावर पांढरा ब्रेडबोर्ड,
त्याच्यावर शेवयांसारख्या वायरी,
आणि दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून आलेली मी,
बोटांना अजून गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा वास.

करायचं होतं एवढंच :
शेजारच्या एनिड टाउसच्या दारावरची घंटा दाबली
की आत तिच्या खुर्चीसमोर दिवा लुकलुकावा.
कान गेले तिचे,
नळाचं पाणी जावं तसे, कुणाला न सांगता.
फ्रिजवर अकरा कार्डं लावून ठेवलीत तिने,
'आम्ही येऊन गेलो. आपण घरी नव्हतात.'
"घरीच होते मी," ती कार्डांना म्हणते.

मी फुशारकी मारली. शनिवारी देते म्हटलं.
शनिवार गेला.

पहिल्या रात्री आयसी बदलली.
दुसऱ्या रात्री ट्रान्झिस्टर उपटला,
त्याचे तीन पाय भिंगाखाली धरून विचारलं,
बाबा रे, तुझं तोंड कुणीकडे?
तोंड बरोबर होतं.
रेझिस्टरचे पट्टे वाचले, तपकिरी काळा नारिंगी,
तपकिरी काळा नारिंगी, डोळे मिटले तरी दिसेपर्यंत.
एक एलईडी थेट जोडून जाळली. वास आला.
निदान काहीतरी घडलं म्हणून बरंही वाटलं.

मीटर लावला : पाच पूर्णांक एक.
चहा प्याले. पुन्हा लावला : पाच पूर्णांक एक.
वीज आहे. नकाशा बरोबर आहे. मग?
मग चार्जरला बोल लावले, चार्जरनंतर दुकानदाराला,
दुकानदारानंतर थोरल्या भावाला,
ज्याने रेडिओ उघडू दिला नव्हता मला, शॉक बसेल म्हणून.
तो आता इचलकरंजीत पंखे दुरुस्त करतो
आणि मी इथे हलमध्ये, फेब्रुवारीत,
एका दिव्यापुढे हात टेकून.

मागच्या दारावर टॉर्चचा उजेड.
घरांमागच्या बोळाला इथे टेनफूट म्हणतात,
त्या टेनफूटमधून एनिड आली, नाइटगाउनवर कोट घालून.
तुझा दिवा जळत होता म्हणाली.
"सर्किट!" मी ओरडले.
"बिस्किट नको," म्हणाली, आणि बसली.

बावीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती,
या शहराच्या स्वतःच्या एक्स्चेंजमध्ये,
जिथल्या टेलिफोनपेट्याही लाल नाहीत, सायीच्या रंगाच्या आहेत.
दोन्ही हातांनी दोऱ्या खोचायची,
याचा आवाज उचलून त्याच्या कानात.
मी समजावत राहिले. ती ऐकत नव्हती, ऐकूच येत नव्हतं,
म्हणून असेल, ती बघत होती.

बोर्डाच्या कडेच्या तांबड्या रेघेवर तिने बोट ठेवलं
आणि सरकवत नेलं, कापडाचा पोत बघावा तसं.
मध्यावर थांबली.
"ही इथे का तुटलीय?"
छपाईचं असेल, मी म्हणणार होते.

छपाईचं नव्हतं.
तांदळाच्या दाण्याएवढी फट,
आणि तिच्या खाली पत्रासुद्धा तिथेच संपलेला.
उजवं अर्धं तीन रात्री उपाशी होतं
आणि मी दर खेपेला मोजत होते डावीकडे,
चार्जरच्या उशाशी,
ज्याच्यापुढे ताट वाढलेलं त्यालाच विचारत होते,
जेवलात का?

नखाएवढ्या दोन वायरी. एक तांबड्या रेघेवर,
एक निळ्या, कारण निळीही तशीच निघाली.
माझा हात थरथरत होता, रागाने की कशाने,
एनिडने दुसरी स्वतःच खोचली.

बटण दाबलं.
दिवा चारदा लुकलुकला. थांबला. पुन्हा चारदा.
बाजूची हिरवी एलईडी काही लागली नाही,
ती बहुतेक उलटी बसवलीय. असू दे.

एनिडने दिव्याकडे नाही, दाराकडे पाहिलं.
"बघ की," म्हणाली, "कोण आलंय."

पावणेबारा वाजले होते.
बाहेर कचऱ्याचे डबे, आणि हंबर नदीवरून येणारा वारा.
बटणावर माझंच बोट होतं.
तरी उठले मी, कडी काढली.