तिसरं रीळ

टोलेडोच्या त्या थिएटरात मी पियानो वाजवायचे,
आठवड्याला नऊ डॉलर, शेगडीचा कोळसा वेगळा.

पडद्यावर ऑगस्टा पेल. बापाच्या सात गिरण्या,
आणि पोरगी स्वतःच्याच मेजवानीत
नेच्याच्या कुंडीआड उभी,
हातमोज्याचं बटण लावत, काढत.
कुणी नाचायला बोलावलं की
चेहरा असा, जशी चोरी पकडली गेली.
लोक खो खो हसत. मी वरच्या पट्टीत
दोन बोटं टिचकवायचे.

दुसऱ्या रिळाच्या शेवटी ती
आरशावर चादर टाकते,
दार लावून घेते.

चौथ्यात तीच मोटारीच्या टपावर,
केस कानापर्यंत कापलेले,
आणि ज्याने तिला कधी ओळख दिली नाही
तो खाली चिखलात टोपी शोधतोय.

मधलं रीळ डेट्रॉइटलाच जळालेलं.
शिमान्स्की मालक कानाशी कुजबुजला,
"दिवे लावत नाही. तू वाजवत राहा."

अकरा मिनिटं.
काय वाजवलं, आठवत नाही;
चर्चमधलं एखादं भजन असेल, दुप्पट लयीत.
हूं नाही की चूं नाही.
पैसे परत मागायला कुणी उठलं नाही.
फक्त तिसऱ्या रांगेत काचकारखान्यातली ओटिली,
जी फुटपाथशी बोलल्यासारखी चालते,
केसांतल्या पिना एकेक काढून
पेपरमिंटच्या डबीत टाकत होती.
टिण्. टिण्.
मी तो ताल धरला.

शनिवारी तार आली : नवं रीळ पाठवू?
शिमान्स्कीने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, कशाला.