अप्पेपात्रातले स्क्रू

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी तो बंद पडतो.
रोज. ऐन बेरजेपाशी.
आधी पंखा किंचाळतो,
मग काळी काच, आणि काचेत मी,
घामाने टिकली घसरलेली.

ग्वाल्हेरात मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
दौलतगंजच्या गल्लीत कुत्रीसुद्धा
नळाच्या ओल्या चौथऱ्याला पोट लावून निजलेली.
छप्पन्न लोकांची विवरणपत्रं माझ्याकडे
आणि यंत्राला ताप.

उपाय करून झाले.
खाली दोन वाट्या पालथ्या घातल्या.
कूलरसमोर ठेवला, तर नुसता वाळ्याचा वास लागला त्याला,
ताप तसाच.
नको ते प्रोग्राम काढून टाकले,
त्यांच्याबरोबर हवे तेही दोन गेले.
एकदा रुमालात गुंडाळून बर्फ...
ते कुणाला सांगू नका.

नई सडकेवरचा राठौर म्हणाला,
"मदरबोर्ड गया, दीदी. साढ़े चार हज़ार."
झाकण न उघडताच म्हणाला.

नाना पलंगावर बसून गुडघे चोळत होते.
एकतीस वर्षं गिरणीत फिटर, मग तेवीस वर्षं घरी.
म्हणाले, "मागून वारा येतो का बघ."
तळहात धरला. येत नव्हता.
"एवढा ओरडतोय आणि वारा नाही,
मग बोर्डाला कशाला शिव्या? वाट बुजलीय."

बॅटरी काढली. अकरा स्क्रू.
सगळे सारखे दिसतात, आणि नसतात.
नानांनी स्वयंपाकघरातून अप्पेपात्र आणवलं:
ज्या कोपऱ्यातला स्क्रू, त्याच बाजूच्या खळग्यात.
वाचनालयाच्या जुन्या कार्डाने कड उचकली.
कट्.
माझ्या पोटात गेला तो आवाज.

आत पंखा, मारी बिस्किटाएवढा.
त्याच्या तोंडाशी, तांब्याच्या पात्यांपुढे
नमदा.
राखाडी, घट्ट. चिमट्याने ओढला तर अखंड आला.
नानांनी तो बोटांत चुरला.
"सूत आहे यात. तुझ्या ओढणीचं."
मग बराच वेळ टाकला नाही.
पाळी संपली की असंच निघायचं त्यांच्या भुवयांतून, कानांतून;
आई दाराबाहेरच झटकायला लावायची.

चिपवरचा लेप वाळून खडू झालेला.
स्पिरिटच्या बोळ्याने पुसला.
नवा मुगाच्या दाण्याएवढाच लावायचा, मी वाचलेलं सांगितलं.
"ग्रीसचं तू मला शिकवतेस?"
पण नळी त्यांनी माझ्याच हातात दिली.
बोटं थरथरतात हल्ली.
त्याबद्दल आम्ही दोघं बोलत नाही.

सगळं बंद केल्यावर एक स्क्रू उरला,
अप्पेपात्रात, मधल्या खळग्यात.
दोनदा उघडलं, तीनदा मोजलं.
"उरतो एखादा," नाना म्हणाले
आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

सुरू केला. दोन वाजले. दोन वीस.
अठ्ठ्याण्णववर जाणारा आकडा
एकाहत्तरपाशी येऊन घुटमळला.
बेरीज आली.
चुकीची आली, पण आली.

दोन पस्तीसला लाइट गेली.
कूलर थांबला, छताचा पंखा
दोन आळसट फेरे घेऊन थांबला,
गल्लीभर एकदम काहीच ऐकू येईना.
फक्त ते मारी बिस्किट फिरत राहिलं.
नानांनी वाकून मागे तळहात धरला,
तवा तापला का बघताना धरतात तसा.
"गरम आहे," म्हणाले,
आणि हात काढला नाही.